जुन्या पेठेत पुन्हा गिऱ्हाईक कसं आणायचं: आधी शटरं मोजा, फरशीचं नंतर बघू

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तालुक्याचं गाव, वस्ती ६०,००० च्या आसपास. देवळाच्या चौकापासून जुन्या एसटी स्टँडपर्यंत साधारण ४०० मीटरची मुख्य पेठ, दोन्ही अंगांनी मिळून २०० च्या घरात दुकानं. बायपास झाला, स्टँड आणि तहसील कचेरी तिकडे गेली, तिथे कॉम्प्लेक्स उभी राहिली आणि पेठेतली शटरं एकेक करून बंद पडू लागली. आता नगरपालिकेला सुशोभीकरणाचा निधी मिळणार आहे. वाहनं बंद करायची, पेव्हर ब्लॉक बसवायचे, दोन टोकांना कमानी आणि शोभेचे दिवे लावायचे असा आराखडा तयार आहे. तो बरोबर आहे का, आणि नसेल तर काय करावं, असं व्यापारी संघातर्फे तुम्ही विचारलं आहे.

तुम्ही दिलेल्या वर्णनात फरशी आहे, दिवे आहेत, कमान आहे. शटरं नेमकी किती बंद आहेत, कुणाची आहेत आणि का बंद आहेत, हे नाही. खरा प्रश्न तिथे आहे. पूर्वी स्टँडवर उतरलेला माणूस कचेरीकडे जाताना पेठेतूनच जायचा. जाता जाता पोरांच्या वह्या, बियाणं, बांगड्या, चपलेचा अंगठा अशी चार कामं उरकायचा. येण्याचं ते कारण बायपासला गेलं आणि त्याच्या मागोमाग गिऱ्हाईकही गेलं. नवी फरशी माणसाला चालायला बरी वाटेल, पण फरशीसाठी कुणी घरून निघत नाही.

वाहनबंदीचंही तसंच आहे. दिल्लीच्या चांदणी चौकात २०२१ पासून सकाळी ९ ते रात्री ९ मोटारगाड्यांना बंदी आहे. तिथे माणसं आधीच ओसंडत होती, गाड्या काढल्यावर त्यांना जागा मिळाली. तुमच्याकडे गर्दी आटलेली आहे. आटलेल्या पेठेत गाड्या बंद केल्या तर उरलेलं गिऱ्हाईकही बायपासला वळतं. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या कलामाझू शहराने १९५९ मध्ये मुख्य बाजाराचा रस्ता वाहनांना बंद केला. त्यांचं बघून पुष्कळ गावांनी तसंच केलं, पण दुकानं काही परतली नाहीत. बहुतेकांनी पुढे रस्ते पुन्हा उघडले, आणि कलामाझूनेही १९९८ मध्ये आपल्या रस्त्याच्या काही भागावर गाड्या सोडल्या. म्हणून माझं सरळ मत असं, की वाहनबंदी हे पहिल्या वर्षाचं काम नाही.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या न बघता कुणी ठाम उत्तर देत असेल तर ऐकू नका. रस्त्याची रुंदी भिंतीपासून भिंतीपर्यंत किती आहे? विकास आराखड्यात पेठेतून रस्तारुंदीची रेघ गेली आहे का? आठवडे बाजार आणि मंडई अजून पेठेला लागून आहे की तीही हलवायचं घाटत आहे? देवळाला बाहेरगावचा भाविक येतो का? या चार उत्तरांवर अर्धा आराखडा ठरतो.

पहिलं काम मोजणीचं, आणि त्याला सल्लागार नेमायची गरज नाही. कॉलेजची आठ-दहा मुलं आणि एक जबाबदार माणूस पुरतो. प्रत्येक दाराला क्रमांक द्या, तळमजला वेगळा, माडी वेगळी. प्रत्येकापुढे पाचपैकी एक शेरा लिहा: रोज उघडं, फक्त सणासुदीला उघडं, गोदाम, कुलूप, पडकं. ही फेरी सकाळी ११ ला आणि संध्याकाळी ७ ला, एका साध्या दिवशी आणि एका बाजारच्या दिवशी करा. ‘बंद’ म्हणून ओळखली जाणारी बरीच शटरं प्रत्यक्षात गोदामं निघतात. मालक बायपासला दुकान टाकतो आणि पेठेतल्या गाळ्यात खोकी ठेवतो. तो गाळा वापरात असतो, भाडेकरूचा तंटाही नसतो, त्यामुळे तिथे बोलणी सगळ्यात लवकर पुढे जातात.

माणसं मोजायला पेठेच्या दोन ठिकाणी उभं राहायचं, दर तासाला १० मिनिटं, सकाळी १० ते रात्री ९. आकड्याला ६ ने गुणलं की तासाचा अंदाज मिळतो. पुरुष, बायका आणि मुलं वेगळी लिहा. बायकांचा आकडा संध्याकाळी साडेसातनंतर कोसळत असेल तर उजेड आणि स्वच्छतागृह हे दोन विषय आपोआप वर येतात.

तिसरी मोजणी उभ्या वाहनांची, आणि बहुतेक ठिकाणी डोळे उघडतात ते इथे. दर अर्ध्या तासाला उभ्या प्रत्येक गाडीच्या नंबराचे शेवटचे चार आकडे लिहून काढायचे. तुमच्या पेठेला दोन्ही बाजू मिळून ८०० मीटर दर्शनी लांबी आहे. गल्ल्यांची तोंडं, वाड्यांचे दिंडी दरवाजे, खांब, नळकोंडाळी यांत पाव भाग जातो असं धरा, म्हणजे ६०० मीटर उरली. दुचाकी आडवी लावली तर एकीला एक मीटर, म्हणजे जास्तीत जास्त ६०० गाड्यांची जागा. आता २०० दुकानांत मालकाची एक आणि नोकराची एक अशी गाडी धरली तरी ४०० जागा सकाळी १० वाजताच भरल्या आणि रात्रीपर्यंत हलल्या नाहीत. अर्ध्या तासाच्या खरेदीला आलेलं गिऱ्हाईक त्या एका जागेवर दहा तासांत वीस वेळा फिरलं असतं. मधली ये-जा, रिकामा वेळ सोडून निम्मं धरा, तरी दहा. पेठेत ‘पार्किंग नाही’ म्हणतात त्याचा मोठा हिस्सा हा आहे. तुमच्या मोजणीत आकडा वेगळा येईल, पण चार तासांहून जास्त वेळ उभ्या असलेल्या गाड्या किती, हे काढल्याशिवाय वाहनतळाच्या इमारतीचा विषयसुद्धा काढू नका. ३०० मीटरच्या आत नगरपालिकेची मोकळी जागा किंवा जुन्या स्टँडचं आवार असेल तर दुकानदारांनी आपल्या गाड्या तिथे लावायच्या, हा ठराव आधी व्यापारी संघाने करायचा. त्याला ना निविदा लागते ना निधी.

आता बंद शटरं. ती चार कारणांनी बंद असतात आणि चारींची औषधं वेगळी आहेत.

पहिलं कारण जुन्या भाड्याचं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू आहे आणि त्यात मालकाला वर्षाला ४ टक्के वाढ मिळते. सन २००० मध्ये भाडं १०० रुपये असेल तर चक्रवाढीने धरूनही २५ वर्षांत ते २७० च्या आतच राहतं. तेवढ्यात मालक कौलं शाकारत नाही आणि उद्या बाहेर काढतील या भीतीने भाडेकरू पैसे घालत नाही. दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात आणि मधल्यामध्ये इमारत पडते. यात सक्ती चालत नाही. चालतो तो नोंदणीकृत समझोता: भाडं ठरावीक टप्प्यांनी वाढवायचं, त्या बदल्यात मालकाने छप्पर आणि जिना दुरुस्त करून द्यायचा, किंवा भाडेकरूने न वापरलेली मागची खोली आणि माडी मालकाला मोकळी करून द्यायची. माडी मोकळी झाली की मालकाला नवं उत्पन्न दिसतं आणि मग तो खालच्या दुरुस्तीला तयार होतो. दोन-तीन असे करार झाले की बाकीचे स्वतःहून विचारायला येतात.

नव्याने जागा द्यायला मालक घाबरतात, तेही समजून घ्या. लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे. मुदत संपल्यावर सक्षम प्राधिकाऱ्याकडून लवकर ताबा मिळण्याची जी सोय कायद्यात आहे ती राहण्यासाठी दिलेल्या जागेला आहे, दुकानाला नाही. हा फरक मालकांना कुणी सांगत नाही. म्हणून माडी राहायला देणं त्यांच्या दृष्टीने जास्त सुरक्षित आहे, आणि गाळ्याच्या कराराला चांगला वकील हवा. संघाने एकच वकील ठरवून एकच मसुदा करून घेतला तर प्रत्येकाचा खर्चही वाचतो.

दुसरं कारण वारसांचं. मिळकत पत्रिकेवर आजोबांचं नाव, वारस आठ, त्यातले तीन मुंबईत, एक परदेशात. इथे विक्रीचा आग्रह धरला की भांडण सुरू होतं. वारस नोंद करून घ्या, एकाच्या नावे कुलमुखत्यारपत्र आणि पाच वर्षांपुरता भाडेकरार, एवढंच मागा. लोक विकायला नाही म्हणतात, भाड्याला सहसा म्हणत नाहीत.

तिसरं कारण रस्तारुंदीची रेघ, आणि हे नगरपालिकेने स्वतः ओढवून घेतलेलं दुखणं आहे. विकास आराखड्यात ८ मीटरची पेठ १२ किंवा १५ मीटर दाखवलेली असते. मालकाला वाटतं आज ना उद्या पुढचा भाग जाणारच, मग रंग तरी कशाला द्यायचा. जो बांधायला काढतो त्याला मागे सरकावं लागतं, म्हणून पेठेची ओळ दात पडल्यासारखी दिसते. मागे सरकलेल्या जागेत लगेच टपरी किंवा गाडी उभी राहते, रस्ता काही रुंद होत नाही. बायपास झाल्यावर पेठेतून जड वाहतूक जाण्याचं कारणच संपलं, तेव्हा रुंदी कमी करण्याचा फेरबदल महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ खाली मागता येतो. सर्वसाधारण सभेचा ठराव, मग हरकती-सूचनांसाठी एक महिना, मग शासनाची मंजुरी. याला वेळ लागतो, म्हणून हा अर्ज सगळ्यात आधी टाका. माझ्या मते जुन्या पेठेसाठी कागदावरचं एवढं मोलाचं दुसरं काम नाही.

चौथं कारण नगरपालिकेचे स्वतःचे गाळे. अनामत आणि मूळ भाडं बाजारभावाच्या वर ठरवलेलं असतं, लिलावाला कुणी येत नाही, गाळे वर्षानुवर्षं पडून राहतात. नियम लिलाव मागतात, म्हणून कुणाच्या हातात सरळ देता येत नाहीत. पण रिकामेपणाची आकडेवारी जोडून मूळ रक्कम कमी करण्याचा, आणि मोठा गाळा १० बाय १० फुटांच्या तुकड्यांत देण्याचा प्रस्ताव करता येतो. बचत गट आणि नवे व्यावसायिक मोठ्या गाळ्याला हात घालू शकत नाहीत, लहानाला घालतात.

शटर उघडून आत काय आणायचं? इथे घाई चालत नाही. कापड आणि भांडी यांची स्पर्धा बायपासशी आहे. पेठेला हवीत ती रोजची कारणं: रक्त तपासणीचं संकलन केंद्र, आपले सरकार सेवा केंद्र, पोस्ट, बँकेची शाखा, दवाखाना, शिवणवर्ग, मोबाइल दुरुस्ती. माडीवर अभ्यासिका काढली तर ६० मुलं दिवसभर वर बसतात आणि खाली चहा, झेरॉक्स, वडापाव चालतो. मंडई हलवण्याचा प्रस्ताव असेल तर तो थांबवा. रोज भाजी घ्यायला येणारी बाई हे पेठेचं सगळ्यात भरवशाचं गिऱ्हाईक आहे. बाहेरगावचा माणूस वाट वाकडी करून यावा एवढी खास वस्तू मात्र प्रत्येक गावाकडे नसते. सावंतवाडीच्या चितार आळीत लाकडी खेळण्यांमुळे लोक येतात. तुमच्याकडे तसं काही असेल तर त्याची चार दुकानं एकत्र आणा, नसेल तर ओढूनताणून तयार करू नका.

आणि हे सगळं ४०० मीटरवर एकदम करू नका. सलग तीन-चार बंद शटरं आली की चालणारा माणूस तिथून मागे फिरतो. म्हणून मोजणीच्या नकाशावर अजून धुगधुगी असलेला १२० मीटरचा तुकडा निवडा, शक्यतो मंडईला किंवा देवळाला लागून, आणि तिथलं प्रत्येक शटर उघडण्यावर वर्षभर जोर लावा. तो तुकडा सलग जिवंत झाला की पुढचा तुकडा धरायला सोपा जातो. पंधरा दुकानं पेठभर विखरून उघडली तर ती उघडलेली कुणाला दिसतही नाहीत.

फेरीवाल्यांकडे अडचण म्हणून बघितलं जातं. पण पेठेत वर्दळ दिसते ती बऱ्याचदा त्यांच्यामुळे. शिवाय इथे कायदा स्पष्ट आहे. २०१४ च्या पथविक्रेता अधिनियमाप्रमाणे नगर पथविक्रेता समिती हवी, तिच्यात ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले हवेत, सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रं देईपर्यंत कुणाला उठवता येत नाही, आणि सामावून घ्यायची मर्यादा लोकसंख्येच्या अडीच टक्के आहे. ६०,००० च्या गावात ती १,५०० येते, म्हणजे जागेचा विचार फक्त पेठेचा नाही तर गावाचा करावा लागतो. आराखडा आधी आणि समिती नंतर असं केलं की काम न्यायालयात अडकतं. आखणी करताना हातगाडीला १.२ बाय २ मीटरचा चौकोन पुरतो. तो बंद भिंतीसमोर, वाड्याच्या लांब कुंपणासमोर किंवा रोहित्राच्या (ट्रान्सफॉर्मरच्या) बाजूला द्या, चालू दुकानाच्या दारासमोर नको. पाणी आणि कचऱ्याचा डबा तिथेच हवा, नाहीतर गाडी महिनाभरात पूर्वीच्या जागी परत येते.

आता रस्ता. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या १०३ क्रमांकाच्या मार्गदर्शिकेत पदपथाची अडथळाविरहित रुंदी किमान १.८ मीटर आहे, बाजारपेठेत २.५, आणि कडेची उंची जास्तीत जास्त १५० मिलिमीटर. तुमची रुंदी ९ मीटर असेल तर २.५ धरून बाकीच्याला जागा उरत नाही, म्हणून दोन्ही बाजूंना किमान १.८ धरा, ५.४ मीटर उरतात. त्यात ३.५ चा एकेरी रस्ता आणि १.९ चा एक पट्टा, ज्यात दुचाक्या तिरक्या लागतात आणि मधूनमधून फेरीवाल्यांचे चौकोन, झाडं, बाक बसतात. अग्निशमनाची गाडी त्या साडेतीन मीटरमधून जाते, म्हणून तिथे कुंडी किंवा खांब रोवायचा नाही. रुंदी ७ मीटर असेल तर पदपथाचा नाद सोडा. भिंतीपासून भिंतीपर्यंत एकच पातळी ठेवा, मधला गाडीचा पट्टा वेगळ्या रंगाच्या दगडाने दाखवा आणि वाहतूक एकेरी करा. ६ मीटर किंवा त्याहून कमी असेल तरच ठरावीक वेळेची वाहनबंदी पहिल्यापासून विचारात घ्या.

हे सगळं आधी चुन्याच्या रेघा, पाण्याने भरलेले बॅरिकेड आणि दोरी एवढ्यावर आजमावून बघा. सहा आठवडे शनिवार-रविवारी संध्याकाळी ५ ते ९ एकेरी वाहतूक किंवा वाहनबंदी करा, आणि त्या दिवसांची मोजणी आधीच्या मोजणीशी ताडा. पुण्यात लक्ष्मी रस्त्यावर ११ डिसेंबरला पादचारी दिन पाळतात, तोही एका दिवसाचा प्रयोगच आहे. मात्र एका दिवसाच्या जत्रेवरून निष्कर्ष काढू नका, तिसऱ्या आठवड्यानंतरचे आकडे खरे. कायमची एकेरी वाहतूक नगरपालिकेच्या ठरावाने होत नाही. पोलिसांचा अहवाल आणि जिल्हाधिकाऱ्यांची अधिसूचना लागते. ती नसेल तर हवालदार कुणालाही दंड करू शकत नाही आणि पाटी नुसती पाटी राहते. मालाचे टेम्पो सकाळी १० च्या आत आणि रात्री ९ नंतर. किराणा आणि सिमेंटवाल्यांचा याला विरोध असतो आणि तो रास्त असतो, म्हणून दर १०० मीटरला एक माल उतरवण्याची जागा आखून ठेवा.

इथवरचा क्रम असा झाला: मोजणी, कलम ३७ चा अर्ज, दुकानदारांच्या गाड्या बाहेर, बंद शटरांची बोलणी, फेरीवाल्यांचं सर्वेक्षण, तात्पुरता प्रयोग. याला वर्ष लागतं. फरशी त्यानंतर, आणि फरशीच्या आधी तिच्या खालचं.

पेठेतल्या रस्त्याचा सगळ्यात मोठा दोष म्हणजे त्याची चढत गेलेली पातळी. थरावर थर टाकून रस्ता ओट्याच्या बरोबरीला येतो आणि पहिल्या मोठ्या पावसात पाणी दुकानात शिरतं. मग दुकानदार उंबऱ्यावर सिमेंटचा बांध घालतो, नंतर पायऱ्या काढतो, त्या गटारावर येतात आणि त्यालाच आपण अतिक्रमण म्हणतो. अंदाजपत्रकात जुना थर उकरून उचलण्याची स्वतंत्र बाब आहे का, हे तुम्ही स्वतः वाचा. दर ५ मीटरला प्रत्येक ओट्याची पातळी घेतलेली हवी आणि तयार रस्ता सर्वांत खालच्या ओट्याच्या किमान १०० मिलिमीटर खाली हवा. आडवा उतार ४० ला १. अरुंद पेठेत तो दोन्हीकडून मध्याकडे घेऊन मधोमध जाळीची चर केली तर पाणी ओट्यांपासून लांब राहतं.

उकरल्यावर एकदाच सगळं घालून घ्या. पाण्याची लाइन आणि प्रत्येक दाराची नळजोडणी नवी करा, बंद शटराचीसुद्धा, नाहीतर ते उघडेल त्या दिवशी नवी फरशी फुटते. दाबाची चाचणी घेतल्याशिवाय चर बुजवू देऊ नका. दोन्ही बाजूंना ११० मिलिमीटरचे दोन-दोन रिकामे पाइप टाकून ठेवा आणि दर ३० मीटरला चेंबर. पुढे येणारी प्रत्येक केबल त्यातून जाते. वीजतारा जमिनीखाली न्यायच्या असतील तर महावितरणचं अंदाजपत्रक वेगळं होतं आणि त्याला महिने लागतात, म्हणून तो अर्ज पहिल्या वर्षीच करा. गटार झाकताना दर ३-४ मीटरला उचलता येणारं झाकण हवं, दोन माणसांना पेलेल इतक्याच वजनाचं. पूर्ण बंद केलेलं गटार पहिल्या वर्षी छान दिसतं आणि गाळ साचल्यावर दुसऱ्या वर्षी तुंबतं.

वरचा थर काँक्रीटचा की पेव्हरचा? काँक्रीट टिकाऊ, पण त्याला २८ दिवस वाहन चालत नाही आणि पुढे नळ दुरुस्त करायला फोडलं की तो चट्टा कायम राहतो. पेव्हर दुसऱ्या दिवशी वापरता येतो आणि उचलून परत बसवता येतो, म्हणून जुन्या पेठेत मी पेव्हरच्या बाजूने आहे, पण नीट बसवलेल्या. टेम्पो चालणाऱ्या पट्ट्यात ८० मिलिमीटर जाडीचा एम-४० प्रतीचा (ही काँक्रीटच्या ताकदीची प्रत), पदपथाला ६० चा. खाली दबाई केलेला खडीचा थर आणि त्यावर वाळू फक्त २० ते ४० मिलिमीटर. चूक नेमकी इथे होते. खालच्या थराची पातळी चुकलेली असते आणि ती कच टाकून १०० मिलिमीटरपर्यंत भरून काढतात. वर ब्लॉक बसला की काही दिसत नाही, पावसाळ्यानंतर चाकाच्या रेघेत रस्ता बसतो. ब्लॉक बसवायच्या आधी रोज सकाळी पट्टी लावून वाळूची जाडी बघणारा माणूस संघाने ठेवा. दोन्ही कडांना काँक्रीटची पक्की कड नसेल तर ब्लॉक बाजूला सरकतात, तीही बघा.

काम कधी करायचं, यावर दुकानदाराचं वर्ष अवलंबून असतं. गणपती ते दिवाळी हात लावायचा नाही. तुळशीच्या लग्नानंतरची लगीनसराई होऊ द्या. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत, धनुर्मासात, लग्नं नसतात, पेठ थंड असते. खोदकाम आणि पाइप तेव्हा. एका वेळी ६०-७० मीटर, त्यापलीकडे दुसरा तुकडा उघडायचा नाही, आणि प्रत्येक दारासमोर लोखंडी फळी, रेलिंगसह. पहिला १२० मीटरचा टप्पा गुढीपाडव्यापर्यंत पूर्ण व्हायला हवा. निविदेत तारखा महिन्यांनी लिहू नका, सणांनी बांधा.

स्वच्छतागृहाबद्दल जोर देऊन सांगतो, कारण ते नेहमी शेवटच्या पानावर असतं. कापड, सराफ, बांगड्या यांचं गिऱ्हाईक बाई आहे. खेड्यावरून सकाळी आलेली बाई पेठेत चार तास काढते आणि तिला जायला जागा नसते, म्हणून ती पाणी न पिता खरेदी आवरते आणि निघते. पुरुषांसाठी कोपऱ्यात मुतारी असते, ती दुर्गंधीने आजूबाजूची दोन शटरं बंद पाडते. २००-२५० मीटर चालून पोहोचता येईल असं, वर्दळीकडे तोंड असलेलं, दिवसभर माणूस बसलेलं आणि वरच्या टाकीत पाणी असलेलं स्त्रियांचं स्वच्छतागृह हवं. बाळाला पाजायला एक खोली जोडली तर उत्तम. दिवे ५-६ मीटर उंचीवर, १५ ते १८ मीटर अंतराने, पिवळसर उजेडाचे. चौकातला हायमास्ट डोळे दिपवतो आणि गल्लीची तोंडं अंधारात ठेवतो. सावलीसाठी दुकानांना एकसारखं गुंडाळता येणारं कापडी छप्पर, १.२ मीटर पुढे आणि खालून २.४ मीटर मोकळं. उन्हाळ्यात दुपारी १२ ते ४ पेठ ओस का पडते, ते उन्हात एकदा चालून बघा.

पैशांचं. नगरोत्थान, वैशिष्ट्यपूर्ण योजना, जिल्हा नियोजन, वित्त आयोग, जिथून मिळेल तिथून बांधकामाला मिळतं. चालवायला कुठूनच मिळत नाही. अमेरिकेत १९७७ मध्ये तीन लहान गावांत जुने बाजार सावरण्याचा जो प्रयोग सुरू झाला आणि पुढे मेन स्ट्रीट कार्यक्रम म्हणून पसरला, त्याचा गाभा प्रत्येक गावात एक पूर्णवेळ माणूस हा होता. आपल्याकडे तेच राहून जातं. २०० दुकानांनी महिन्याला १५० रुपये काढले तर ३०,००० होतात. त्यात गावातलाच एक माणूस राहतो, ज्याचं काम एकच: बंद शटरांची यादी रोज पुढे नेणं, गाड्यांच्या रेघेवर लक्ष ठेवणं, फुटलेला ब्लॉक आणि गेलेला दिवा त्याच आठवड्यात दुरुस्त करून घेणं, दर तीन महिन्यांनी तीच मोजणी पुन्हा करून नगरपालिकेपुढे ठेवणं. ठेकेदाराच्या दोषदायित्वाच्या मुदतीत तक्रार लेखी गेली तरच दुरुस्ती फुकट होते, आणि ती पाठवायला कुणीतरी नेमलेला असावा लागतो.

कमानींचं विचारलंत. दोन कमानींच्या पैशात वर सांगितलेलं स्वच्छतागृह होत असेल तर ते आधी करा, कमान पुढच्या अंदाजपत्रकात येऊ द्या. सध्या शटरमोजणी लावा. झाली की बंद दारांची कारणांसह यादी आणि रस्त्याची दर २० मीटरला भिंतीपासून भिंतीपर्यंत मोजलेली रुंदी एवढं लिहून पाठवा. पहिला १२० मीटरचा तुकडा कुठून धरायचा, ते त्यावरून सांगता येईल.